बडोद्याचा रेवाल मेळावा: घोडे पहिल्या प्रतीचे, निकाल मात्र घड्याळाचा

थंडीत बडोद्याच्या वेशीवर दोन दिवस काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांचा वार्षिक मेळावा भरतो. यंदा आम्ही तो शनिवारच्या तपासणीपासून रविवारच्या रेवाल अजिंक्यपदापर्यंत पूर्ण पाहिला. घोडे उत्तम आले होते. दारावरची तपासणी कडक होती आणि रिंगणाची राखण सकाळपर्यंत तरी नीट होती. पण ज्या चालीसाठी हा मेळावा भरतो त्या रेवालीचा निकाल स्टॉपवॉचवर लागतो आणि शेजारच्या मैदानात त्याच वेळी नाचाच्या घोड्यांपुढे ढोल वाजत असतो. या दोन गोष्टी सुधारल्या तर गुजरातच्या या भागात पाहण्यासारखा दुसरा मेळावा शोधावा लागणार नाही.

रेवाल म्हणजे नुसती वेगाची चाल नव्हे. दुडकीत घोड्याचे तिरपे दोन पाय एकदम पडतात, मध्ये चारही पाय क्षणभर हवेत असतात, म्हणून स्वार खोगिरावर उसळतो. रेवालीत एका बाजूचा मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा आणि शेवटी तिथला पुढचा, असे चार पाय चार वेगळ्या ठोक्यांवर टेकतात. एखादा तरी खूर सतत जमिनीवर असतो, त्यामुळे पाठ हेलकावत नाही. स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला देऊन घेतात ती परीक्षा यासाठीच. काठियावाडी आणि मारवाडी या दोन्ही जातींत ही चाल उपजत येते. शिंगरू आईमागे चालतानाच ती दाखवते. शिकवणाऱ्याचे काम ती टिकवणे आणि लांबवणे एवढेच.

बिघाड होतो तो ठोक्यांच्या अंतरात. चारही ठोके सारख्या अंतराने पडले की टप-टप-टप-टप असा एकसुरी नाद येतो. घोड्याला घाई केली, लगाम ओढून मान वर धरली की पाठ खचते आणि एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडायला लागतात. मग चाराचे दोन ठोके होतात. याला पेस म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला घोडा अजूनही ‘रेवाल’ मारतोय असेच वाटते, कारण एका बाजूचे पाय एका बाजूलाच चाललेले असतात. वेगही जास्त दिसतो. पण स्वार डावी-उजवीकडे डोलायला लागलेला असतो आणि पेल्यातले पाणी कडेने सांडते. उलट मान फार खाली दाबली, पाठ गोल झाली, की घोडा दुडकीकडे सरकतो. या दोन टोकांच्या मध्ये रेवाल आहे आणि ती जागा अरुंद आहे.

मेळाव्याचा नियम असा: सरळ पट्ट्यावर ठरलेले अंतर, सगळ्यांत कमी वेळ तो पहिला, चाल तिसऱ्यांदा मोडली की बाद. ‘मोडली’ म्हणजे घोडा दुडकीत किंवा चौखूर गेला. पेस झाली तर ती मोडलेली धरत नाहीत. इथेच गाडी चुकते. ज्या घोड्याला चार ठोके राखायचे आहेत तो मार खातो आणि ज्याने चार ठोक्यांचे दोन केले तो चषक नेतो. रविवारी दुसऱ्या फेरीत एक बदामी काठियावाडी घोडी आणि एक कुमैत (तांबूस-तपकिरी) मारवाडी नर एकापाठोपाठ सुटले. घोडीची फेरी संपल्यावर वाळूत ठसे पाहिले: मागचा खूर पुढच्या खुराचा ठसा एक वीतभर ओलांडून पडलेला, डावा-उजवा दोन्हीकडे तेवढेच अंतर, पट्टाभर फरक नाही. नराच्या ठशांत डावीकडची झेप उजवीपेक्षा लांब होती आणि पट्ट्याच्या शेवटच्या भागात ठसे जोडीजोडीने पडले होते. कुमैत जलद होता आणि तोच वर गेला. नियम तसा आहे म्हणून पंचांना दोष नाही, दोष नियमाला आहे.

यावर उपाय अवघड नाही. कोलंबिया आणि पोर्तो रिको इथल्या पासो फिनो घोड्यांच्या प्रदर्शनात रिंगणात लाकडी फळ्यांचा पट्टा घालतात. घोडा त्यावरून नेतात आणि पंच पाहण्यापेक्षा ऐकतात. एक ठोका जरी मागेपुढे झाला तरी लाकूड लगेच सांगते. इथेही रेवाल पट्ट्याच्या मधोमध जाड प्लायचा दहा-बारा मीटरचा तुकडा टाकता येईल. फळ्या एकमेकांना पक्क्या सांधून, वर बारीक खडीचा खरखरीतपणा देऊन, कडा वाळूच्या पातळीत पुरायच्या, म्हणजे नाल घसरत नाही. घोड्यांना आदल्या दिवशी दोनदा त्यावरून कदमाने चालवून आणायचे, नाहीतर ऐन फेरीत बुजतात. वेळेला निम्मे गुण, ठोक्याच्या सारखेपणाला निम्मे. मग लगामाची घाई आपोआप थांबेल.

पण फळी घालून ढोल तसाच ठेवला तर उपयोग शून्य. नाचाचे घोडे, खाटेवर चढणारे, मागच्या पायांवर उभे राहणारे, लोकांना आवडतात आणि गर्दी तेच खेचतात. त्याला हरकत नाही. मात्र सकाळी अकराच्या सुमाराला रेवालीची उपांत्य फेरी आणि नाचाचा फड एकाच वेळी लागला आणि दोन्हींमध्ये फार तर पन्नास पावले अंतर होते. कडेला उभे राहूनही खुरांचा नाद कानी पडेना. शिवाय ढोलावर वाढलेले घोडे रेवाल पट्ट्यावरसुद्धा ठेका धरतात. एका घोड्याने सरळ चालता चालता पुढचा पाय उचलून दोनदा आपटला आणि तिथेच त्याची चाल गेली. नाच संध्याकाळी ठेवला तर दोन्ही प्रकारांना न्याय मिळेल.

आता मनापासून कौतुक करायचे ते दारावरच्या तपासणीचे. प्रत्येक घोड्याचा लगाम तोंडातून काढून, बोटाने चाचपून पाहत होते. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनुसार ओझ्याच्या व स्वारीच्या जनावरांना काटेरी लगाम वापरायला मनाई आहे, तरी जत्रांमधून तो सर्रास दिसतो, कारण काट्याने मान वर राहते आणि मान वर म्हणजे रुबाब असा समज आहे. प्रत्यक्षात काट्याला घाबरून घोडा पाठ खचवतो आणि वर सांगितलेली पेस इथूनच सुरू होते. तोंडाचे कोपरे फाटलेले, जिभेवर वळ असलेले घोडे परत पाठवले जात होते. तिथे कुणाची मोठी ओळखही चालली नाही.

पायांची तपासणीही तशीच. खुराच्या वरचा मऊ भाग हाताने दाबून घोडा पाय मागे घेतो का ते पाहिले. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग हॉर्स या चालीच्या जातीचे मोठे वार्षिक प्रदर्शन शेल्बीव्हिल गावी १९३९ पासून भरते. तिथे पाय जास्त उंच उचलावेत म्हणून घोड्यांच्या घोट्याजवळ रसायने लावून जखमा करण्याची वाईट रीत पडली आणि ती बंद करायला १९७० मध्ये खास कायदा करावा लागला. आपल्याकडे ती वेळ येऊ नये, म्हणून दारावरचे हे दोन मिनिटांचे चाचपणे फार मोलाचे आहे. नालांची वजने मात्र तपासली जात नाहीत. पुढच्या पायाला जड नाल मारून पाय उंच दाखवणे, खुराचे टोक लांब ठेवणे हे प्रकार दिसले. टोक लांब राहिले की पाय सुटायला उशीर होतो, मागच्या खुराचे टोक पुढच्या खुराच्या टाचेला लागते आणि नाल निखळतो. खूर दर सहा आठवड्यांनी साळायला हवेत. मेळाव्याच्या दहा-बारा दिवस आधी नाल बदलावेत, आदल्या दिवशी नव्हे. खिळा थोडा जवळ गेला असेल तर तो दुखरेपणा याच दिवसांत कळतो.

रिंगण साठ बाय वीस मीटरचे, वाळू चार बोटे, खाली घट्ट बसवलेला मुरूम. पहाटे पाणी मारलेले असल्याने पहिल्या फेऱ्यांना खूर छान बसत होता. बारापर्यंत ऊन चढून वरचा थर सुटला, धूळ उठली आणि वळणावर वाळूचे ढीग जमले. दुपारच्या फेऱ्यांत वळणावरच बहुतेक चाली मोडल्या. वळताना आतला मागचा पाय आखडतो, म्हणून रेवालीचा घोडा वळणावर सगळ्यात आधी दुडकीत पडतो. त्यात वाळू खोल म्हटल्यावर पाय ओढायला ताकद लागते. फेरी संपली की दाताळे फिरवायला एकच माणूस होता, तिथे दोन हवेत आणि साडेअकराला पुन्हा पाणी. स्वारांचीही एक चूक दिसत राहिली: मागे रेलून घोड्याच्या कमरेवर भार टाकायचा आणि पाय पुढे ताणायचे. याने आराम मिळतो पण मागचे पाय आत येत नाहीत. खोगीरही बरेच जण फार पुढे चढवतात, मग खांदा मोकळा राहत नाही आणि पुढची झेप तुटते. तंग आवळून झाल्यावर पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ताणून घेतले तर कातडीला चुणी पडत नाही आणि खोगीर आपल्या जागी बसते.

शनिवारच्या जातवान वर्गांबद्दल थोडक्यात. अदंत, दोन दाती, चार दाती आणि पूर्ण दात असे गट आहेत. घोड्याचे पुढचे पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने येतात, त्यावरून गट ठरतो. काठियावाडीत कपाळ रुंद, नाकाचा बांध किंचित आत गेलेला, कानांची टोके एकमेकांना टेकणारी. मारवाडी उंच, तोंड सरळ. संकर असलेले घोडे दोन्हीकडे घुसवले जातात आणि या बाबतीत पंचांनी सैलपणा केला: काठियावाडीत काळा रंग मान्य नसताना एक मुश्की नर त्या गटात शेवटच्या पाचांत होता. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांना मात्र त्यांनी गुण दिले नाहीत हे चांगले केले. देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) असली म्हणून घोडा चालत नाही आणि नसली म्हणून अडखळतही नाही.

काठियावाडी घोडा बडोद्याला नवा नाही. गायकवाडांच्या मुलुखगिरीच्या फौजा वर्षानुवर्षे काठियावाडात खंडणी वसुलीला जात. १८०७ मध्ये बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट वॉकर याच्या ठरावाने ती रक्कम बांधून दिली. पुढे अमरेली आणि ओखामंडळ हे बडोदे संस्थानचेच प्रांत होते. पागेतले घोडे त्या वाटेने येत. आज मेळाव्यातले बरेचसे घोडे त्याच वाटेने ट्रकमधून येतात.

येणाऱ्यांसाठी कामाची माहिती. ग्लँडर्स आणि ईआयए (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या दोन्ही रोगांच्या तपासणीचा नकारात्मक अहवाल नसेल तर घोडा दारातूनच परततो, आणि ते बरोबरच आहे. ग्लँडर्स माणसालाही होतो. रक्त घेऊन अहवाल येईपर्यंत दिवस जातात, म्हणून किमान तीन आठवडे आधी जनावरांच्या दवाखान्यात जा. ट्रकमध्ये घोडा उभा करायचा तर खाली रबरी चटई किंवा जाड भुसा हवा, बांधायची दोरी डोके मोकळे राहील इतकी सैल. नाक वर बांधून आणलेल्या घोड्याला धुळीचा खोकला लागतो. दर चार तासांनी थांबून पाणी दाखवावे. इथल्या टाकीच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, बाहेरून आलेले घोडे तोंड लावत नाहीत, न पिता कोरडी वैरण खातात आणि रात्री पोट धरते. यंदा अशा दोन घोड्यांना पशुवैद्यांनी नळी घातलेली पाहिली. घरचे पाणी दोन कॅन आणा, पहिल्या दिवशी निम्मे-निम्मे मिसळा, थोडा गूळ टाका. वैरण घरचीच द्या, दाणा प्रवासाच्या दिवशी निम्मा करा.

तबेल्याचे कप्पे बांबू आणि ताडपत्रीचे आहेत. तीन मीटर रुंदी पुरेशी, पण कप्प्यांमध्ये फक्त आडवे बांबू. नराशेजारी घोडी आली की रात्रभर लाथा. नोंदणीच्या वेळीच सांगून नर वेगळ्या रांगेत मागून घ्या, मिळतो. पाण्याचा नळ दहा कप्प्यांमागे एकच, म्हणून मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) पहाटे साडेपाचलाच बादल्या भरून ठेवलेल्या बऱ्या.

प्रेक्षकांना प्रवेश फुकट. बाहेर सेव-उसळीच्या गाड्या होत्या, त्यातली रांग मोठी असलेली खरोखरच चांगली निघाली. लहान मुलांना घोड्याच्या मागून जाऊ देऊ नका, दोरीच्या आतले मोतद्दार सारखे ओरडून सांगत असतात, ते ऐका. रेवाल पाहायची असेल तर मंडपातल्या खुर्च्या सोडा. पट्ट्याच्या दूरच्या टोकाला, वळण सुरू होण्याआधी दहा पावले, कठड्याला टेकून उभे राहा. तिथे वाळू कमी आणि मुरूम वर आलेला आहे, ढोल थांबला की खूर स्पष्ट ऐकू येतात. रविवारी सकाळी आठच्या पहिल्या दोन फेऱ्या चुकवू नका, नाचाचा फड तेव्हा सुरू झालेला नसतो.