बायबल ॲप, नाइट ड्युटी आणि वॉर्डातली दुसरी सिस्टर

यूव्हर्जनचं बायबल ॲप आमच्या चर्चमध्ये बहुतेकांच्या फोनवर आहे. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायबलमधलं ‘फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय चौथा’ म्हटलं की पूर्वी पानांची सळसळ व्हायची, आता निम्मी मंडळी खिशात हात घालतात. या ॲपबद्दल कुणालाही विचारा, ‘फार आशीर्वाद मिळतो’ यापलीकडे काही कळत नाही. मी मात्र ते एका ठरावीक गरजेपोटी वापरलं. जिच्याशी आपलं पटत नाही अशा बाईसोबत रोज एकाच वॉर्डात काम करायचं असेल, तर याचा काही उपयोग होतो का? तेवढ्यापुरतंच लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ डॉट चर्च या मंडळीने हे ॲप २००८ साली आणलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. मराठीत आपलं नेहमीचं पवित्र शास्त्र आहे आणि बायबल सोसायटीचं सोप्या मराठीतलंही आहे. वचनावर, म्हणजे बायबलमधल्या ओळीवर, बोट ठेवलं की रंग देता येतो, टिपण लिहिता येतं, दोन भाषांतरं एकाखाली एक बघता येतात. एवढ्यासाठी डोळे मिटून घ्या.

मी मूळची नगरची, पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. आमच्या वॉर्डात माझ्याहून सीनियर एक सिस्टर आहेत. ड्युटी बदलताना त्यांच्याकडून चार्ज घ्यायचा म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट अर्धा भरलेला, कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालतात ती नळी) कधी घातली त्याची तारीख नाही, सलाइन संपत आलेलं. राउंडला डॉक्टर विचारणार मला. वर ‘तुम्हाला रविवारी सकाळची सुट्टी बरी मिळते’ हा टोमणा. म्हणजे चर्च मलाच आहे, त्यांना नाही! त्याही ख्रिस्तीच, फक्त मंडळी वेगळी. आमची धुसफूस बघून वॉर्डातल्या मावशी एकदा म्हणाल्या, “सिस्टर, तुमचा दोघींचा देव एकच ना? मग सांगा की त्यालाच मिटवायला.”

ॲपमध्ये वाचनाच्या योजना असतात: रोज थोडं मनन, सोबत वचनं. कामाची जागा, कठीण सहकारी या विषयावर शोधलंत तर बऱ्याच सापडतील, पण बहुतेक इंग्रजीत आणि अमेरिकेतल्या ऑफिसात बसून लिहिल्यासारख्या. सहकाऱ्याला कॉफीला बोलवा, मन मोकळं करा. आमच्याकडे चहा उभ्याउभ्या पितात आणि तेवढ्यातही दोनदा बेल वाजते. काहींचा तर मला रागच आला. पेत्राच्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात चाकरांना सांगितलंय की कठोर धन्याच्याही अधीन राहा. ते रोमी काळातल्या घरगुती गुलामांना उद्देशून आहे. ते उचलून पगारी नोकरीवर चिकटवायचं आणि ‘सोसा’ म्हणायचं, हे मला पटत नाही. सिस्टरांना क्षमा करायची की नाही हा माझा प्रश्न आहे. चार्टातल्या रिकाम्या चौकटी पेशंटच्या आहेत, त्या माफ करायचा अधिकार मला कुणी दिला?

ॲपमधली सगळ्यात लोकप्रिय सोय म्हणजे वचनाचं चित्र. वचन निवडा, मागे डोंगर किंवा समुद्र लावा, व्हॉट्सॲपवर पाठवा. आजारी मावशीला पाठवायला छान आहे. पण टोमणा मारायला याहून सोयीचं साधन दुसरं नाही. आमची खडाजंगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या ग्रुपवर सिस्टरांनी याकोबाच्या पत्रातलं जिभेविषयीचं वचन टाकलं, मागे सुंदर सूर्योदय. सगळ्यांनी हात जोडले. कुणासाठी होतं ते दोघींनाच ठाऊक. उत्तर द्यायला नीतिसूत्रांचा अख्खा ग्रंथ तयार होता. मी दिलं नाही, पण चाळला मात्र चांगला तासभर.

मला खरा उपयोग झाला तो ऑडिओचा. नाइट संपवून पीएमपीच्या बसमध्ये डोळे उघडे राहत नाहीत, वाचणार कुठून? कानात लावायचं आणि खिडकीला डोकं टेकायचं. फिलिप्पैकरांस पत्र म्हणजे चारच अध्याय, वीसेक मिनिटांत संपतं. चौथ्या अध्यायातली चिंता करू नका, सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी सर्व काही करता येतं, ही वचनं लहानपणापासून पाठ. चित्रंही त्यांचीच फिरतात. पण त्यांच्या आधी, दुसऱ्याच ओळीत, युवदीया आणि सुंतुखे येतात. या दोघी बायका सुवार्तेच्या कामात, हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या बरोबरीने झटलेल्या आणि एकमेकींशी पटत नसलेल्या. पौल स्वतः कैदेत, आणि तिथून दोघींची नावं घेऊन लिहितो की एकचित्त व्हा. ‘विनंती करतो’ हे प्रत्येकीला वेगळं म्हणतो. भांडण कशावरून ते सांगत नाही, चूक कुणाची तेही नाही. आणि लगेच मंडळीतल्या तिसऱ्याच माणसाला सांगतो, या बायकांना मदत कर. हे पत्र सगळ्या मंडळीपुढे वाचलं गेलं असणार. त्या दोघींना काय वाटलं असेल! या वचनाचं चित्र आजवर मला कुणी पाठवलेलं नाही.

तो तिसरा माणूस माझ्या डोक्यात राहिला. मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायातही क्रम तोच आहे: आधी एकांतात बोल, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे. एकांतात बोलून झालं होतं, चेंजिंग रूममध्ये. ‘तुम्हाला सगळं जास्तच लागतं’ एवढंच ऐकायला मिळालं. मग मी इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. त्या ख्रिस्ती नाहीत, कुणाच्या बाजूच्याही नाहीत. तक्रार केली नाही, एक मागणं केलं: चार्ज काउंटरवर नको, बेडपाशी द्यायचा. एकेका पेशंटपाशी उभं राहून चार्ट, कॅन्युला, सलाइन बघायचं आणि दोघींनी सही करायची. सगळ्या वॉर्डाला हाच नियम, म्हणजे कुणावर बोट नाही. त्यांनी तो लावला. सिस्टर अजून माझ्याशी हसत नाहीत. चार्ट मात्र भरलेला असतो.

वापरणाऱ्यांसाठी दोनतीन गोष्टी. टिपण जतन करताना ते फक्त तुम्हाला दिसणार की मित्रांनाही, हे निवडता येतं. सहकाऱ्याबद्दल काही लिहिणार असाल तर आधी तिकडे बघा, कारण चर्चमधली निम्मी माणसं तुमच्या मित्रांच्या यादीत असतात आणि त्यातलं कुणीतरी त्या सहकाऱ्याचं नातेवाईक निघतंच. प्रार्थनेच्या यादीतही पूर्ण नाव घालू नका, फोन काउंटरवर पडलेला असतो. तळघरात रेंज नसेल तर ऑडिओच्या भरवशावर राहू नका. ‘आजचं वचन’ची वेळ आपल्याला ठरवता येते, ती चार्ज देण्याघेण्याच्या वेळी ठेवू नका. सलग किती दिवस ॲप उघडलं त्याचा आकडाही दिसतो, तिकडे मी बघत नाही.

चार स्टार. पाचवा राखून ठेवलाय कामाच्या जागेवरच्या अस्सल मराठी योजनेसाठी, एखाद्या नर्सने, एसटीच्या कंडक्टरने किंवा झेडपीच्या शाळेतल्या बाईंनी लिहिलेल्या.