सेकंड लाईफमध्ये बोर्ड गेम आणि स्ट्रॅटेजी गेम: बरेच महिने खेळून झाल्यावरचा अनुभव

सेकंड लाईफ म्हणजे अवतार, म्हणजे स्क्रीनवरचं आपलं रूप, घेऊन फिरायचं ऑनलाइन जग. तिथे बोर्ड गेम खेळायला जावं का, तर हो, जरूर जावं, पण वाट्टेल तो गेम तिथे नेऊन खेळण्यात अर्थ नाही. पटापट चार डाव टाकायचे असतील आणि नियम कॉम्प्युटरनेच सांभाळावेत असं वाटत असेल तर बोर्ड गेम अरेना २०१० पासून आहे, ब्राउझरमध्ये चालतं, तेच बरं. सोंगट्या उचलून हलवायची हौस असेल तर २०१५ पासून टेबलटॉप सिम्युलेटर आहे. सेकंड लाईफ या दोघांच्या आधीचं, २००३ चं, आणि मुळात तो गेम नाहीच, तिथे लेव्हल नाही, मिशन नाही, जे काही आहे ते तिथल्या लोकांनी बांधलेलं आणि लोकांनीच स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहून चालवलेलं. तरी मी महिनोन्महिने तिथेच खेळतेय, कारण तिथे टेबलाच्या भोवती जागा आहे. समोरचा माणूस खुर्चीत बसलेला दिसतो, टाईप करायला लागला की त्याच्या अवताराचे हात हलायला लागतात, स्क्रीनसमोरून उठून गेला तर थोड्या वेळाने त्याची मान खाली झुकते, आणि तो टेबलावरून उठून दुसऱ्या कोणाबरोबर बाजूला गेला तर तेही सगळ्यांना दिसतं. स्ट्रॅटेजी गेममध्ये या शेवटच्या गोष्टीला फार किंमत आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिते.

सुरुवातीचं थोडक्यात. अकाउंट फुकट आहे, पैसे न भरता बहुतेक सगळीकडे फिरता येतं, खेळता येतं. आत जायला लागणारा प्रोग्रॅम म्हणजे व्ह्यूअर, त्यातला अधिकृत आहेच, पण गेमवाले बरेच जण फायरस्टॉर्म नावाचा दुसरा व्ह्यूअर वापरतात, मी पण तोच वापरते. खेळायला बसण्याआधी दोन सेटिंग नक्की बदला, ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसावं ते, कमी करून ३२ ते ६४ मीटरवर आणा आणि अवतार कॉम्प्लेक्सिटीची मर्यादा खाली ओढा, म्हणजे जड कपडे-केस घातलेले अवतार साध्या एकरंगी आकृत्या दिसतात आणि कॉम्प्युटरचा जीव मोकळा होतो. टेबलावर बसल्यावर लांबचा समुद्रकिनारा दिसला नाही तरी काही बिघडत नाही.

तिथे खूप खेळला जाणारा एक प्रकार म्हणजे फाशांचा, ग्रीडी. सहा फासे, १ आला की १०० पॉइंट, ५ आला की ५०, तीन सारखे आले की त्याचे वेगळे, आणि लक्ष्य १०,०००. पॉइंट देणारे फासे बाजूला काढायचे आणि उरलेले परत टाकायचे की आहे ते पदरात पाडून घ्यायचं, एवढाच निर्णय असतो. लोक याला नशिबाचा खेळ म्हणतात पण मला ते अजिबात पटत नाही, कारण हिशोब स्पष्ट आहे. एकच फासा उरला असेल तर पॉइंट देणारं काहीच न पडून हातचं सगळं जायची शक्यता तीनात दोन, दोन उरले असतील तर ९ पैकी ४ म्हणजे ४४ टक्के, तीन उरले तर २८ टक्के. हे तीन आकडे डोक्यात ठेवून खेळणारा आणि जोशात खेळणारा यांच्यात एका डावात फरक दिसणार नाही कदाचित, पण महिनाभरात अगदी स्वच्छ दिसतो. फासे सर्व्हरवर पडतात, तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, त्यामुळे नेट अडखळलं म्हणून वाईट फासे आले असं काही नसतं, हे नवीन लोकांना मी नेहमी सांगते.

ट्रिंगो पण एकदा तरी खेळून बघावा असा आहे. तो सेकंड लाईफमध्येच जन्मलेला गेम, २००४ साली नेथन कीर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने टेट्रिस आणि बिंगो एकत्र करून बनवला, आणि इतका चालला की २००६ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर आला. प्रत्येकाकडे ५ बाय ५ चा चौकोन, सगळ्यांना एकाच वेळी तोच आकार मिळतो, तो कुठे बसवायचा ते पटकन ठरवायचं. सगळ्यांना तेच आकार मिळूनही स्कोअरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो ही त्यातली गंमत.

आता पत्त्यांचे आणि लपवाछपवीचे गेम. इथे एक गोष्ट समजून घेणं फार गरजेचं आहे, सेकंड लाईफमध्ये कॅमेरा अवताराला बांधलेला नसतो. ऑल्ट दाबून माऊस फिरवला की तुम्ही बसल्या जागेवरून समोरच्याच्या पाठीमागे जाऊन बघू शकता, त्याला सहसा कळतही नाही. म्हणजे टेबलावर पत्ते माझ्याकडे तोंड करून उभे ठेवले असतील तर ते फक्त मलाच दिसतात हा निव्वळ भ्रम आहे. म्हणून चांगले टेबल बनवणारे हातातले पत्ते हडवर देतात, हड म्हणजे स्क्रीनवर चिकटवायची वस्तू, ती घालणाऱ्यालाच दिसते, बाकी कोणाला दिसत नाही. टेबल घ्यायच्या आधी किंवा एखाद्या क्लबमध्ये पत्ते खेळायला बसायच्या आधी मी हेच बघते, पत्ते हडवर आहेत की टेबलावर, आणि टेबलावर असतील तर तिथे सरळ उघड्या माहितीचा, म्हणजे ज्यात काही लपवायचंच नसतं असा, गेम खेळूया म्हणते.

उघड्या माहितीचे गेम म्हणजे बुद्धिबळ, गो, षटकोनांवर चालणारे लढाईचे गेम, हे तिथे फार छान चालतात. गो हा काळ्या-पांढऱ्या दगडांचा खेळ, त्याचा बोर्ड १९ बाय १९, म्हणजे ३६१ छेदबिंदू, आणि तिथे एकत्र जोडलेल्या वस्तूत जास्तीत जास्त २५६ तुकडे चालतात, त्यामुळे प्रत्येक बिंदूला वेगळा तुकडा लावून एकसंध बोर्ड बनवताच येत नाही. मग बनवणारे असं करतात की सपाट बोर्डवर तुम्ही नेमकं कुठे क्लिक केलं ते स्क्रिप्टने वाचायचं आणि जवळच्या बिंदूवर दगड ठेवायचा. हे नीट केलेला बोर्ड आणि कसातरी केलेला बोर्ड यातला फरक पहिल्या पाच चालीत कळतो, कसातरी केलेल्यावर दगड शेजारच्या बिंदूवर जाऊन बसतो आणि चाल परत घ्यायची सोय नसेल तर डावाचा विचका. दुसरं म्हणजे मेनू. तिथला जो साधा डायलॉग बॉक्स असतो त्यात जास्तीत जास्त १२ बटणं मावतात, त्यामुळे ज्या गेममध्ये एका टर्नला वीस पर्याय आहेत तिथे पुढचं पान-मागचं पान करत बसावं लागतं. चांगल्या बोर्डवर थेट बोर्डलाच हात लावून खेळता येतं.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते, डिप्लोमसी. १९५९ चा गेम आहे, सात खेळाडू, प्रत्येकाचा एक देश, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोप, नकाशावर ३४ सप्लाय सेंटर, म्हणजे सैन्य पुरवणारे प्रांत, आणि १८ ज्याच्या हातात आली तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत. टर्नच्या आधी सगळ्यांनी आपापसात बोलायचं, करार करायचे, मग हुकूम लिहून द्यायचे आणि सगळे एकदम उघडायचे. म्हणजे अख्खा गेम कोण कोणाशी काय बोललं यावर. साध्या वेबसाईटवर हा गेम चॅट विंडोमध्ये होतो, कोण कोणाला मेसेज करतंय ते दिसत नाही. आमच्या ग्रुपने सेकंड लाईफमध्ये यासाठी एकच नियम केला, करार करायचे तर खाजगी मेसेज बंद, उठायचं आणि चालत जायचं.

हा नियम चालतो कारण तिथे लोकल चॅट, म्हणजे आसपासच्यांसाठी टाईप केलेलं बोलणं, फक्त २० मीटरपर्यंत पोचतं. ओरडलं तर १००, कुजबुजलं तर १०. आणि हे अंतर अवतारापासून मोजलं जातं, कॅमेरा कितीही जवळ नेला तरी दुसऱ्याचं टाईप केलेलं वाचता येत नाही. व्हॉइसचं मात्र तसं नाही, व्हॉइसच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या जागेवरून ऐकायचा पर्याय असतो, त्यामुळे चोरून ऐकता येतं, म्हणून वाटाघाटी टाईप करूनच हाही नियम लागला. हॉल आम्ही मुद्दाम लांबलचक घेतला, टेबल मधोमध आणि दोन्ही टोकांना गच्च्या, रीजन, म्हणजे तिथल्या जमिनीचा एक तुकडा, २५६ मीटर लांब-रुंद असतो त्यामुळे जागेची अडचण नाही. हुकूम नोटकार्डवर, म्हणजे तिथल्या चिठ्ठीवर, लिहून पंचाला द्यायचे, पंच ते सगळे आल्यावर एकदम वाचतो. नकाशा म्हणजे नुसतं एक मोठं चित्र लावलेला फळा आणि हाताने हलवायच्या सोंगट्या, स्क्रिप्ट जवळपास शून्य.

एका डावात मी ऑस्ट्रिया होते. पहिल्याच टर्नला इटली माझ्याबरोबर पूर्वेच्या गच्चीवर आला, सगळं छान ठरलं, एकमेकांच्या सीमेवर सैन्य नाही, माझ्या ट्रिएस्टला आणि त्याच्या व्हेनिसला हात लावायचा नाही. आम्ही टेबलाकडे परतताना मी मिनिमॅप, म्हणजे स्क्रीनवरचा छोटा नकाशा, बघितला तर रशिया आणि तुर्कीचे ठिपके पश्चिमेच्या टोकाला एकत्र, आणि फायरस्टॉर्मच्या मिनिमॅपवर चॅट पोचण्याची वर्तुळं दिसतात, ती बघून कळत होतं की टेबलापासून ते दोघं नेमके ऐकू येण्याच्या बाहेर जाऊन उभे आहेत. ते काय बोलले ते कळलं नाही, पण बोलले एवढं कळलं, आणि पूर्वेकडचे हे दोघं एक झाले की आधी ऑस्ट्रियाच सापडतो, त्यामुळे तेवढंच पुरे होतं. मी हुकूम बदलले, रशियाच्या बाजूच्या गॅलिशियाकडे सैन्य वळवलं. पुढच्या टर्नला रशिया टेबलावरून हललाच नाही, सगळ्यांसमोर नकाशावर बोलत बसला, आणि न उठणं हीसुद्धा एक चाल असते हे तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. तुर्की एकटाच गच्चीवर जाऊन उभा राहिला, कोणी येतंय का वाट बघत, आणि इंग्लंडने हळूच त्याच्याकडे चालायला सुरुवात केली तेव्हा सहाच्या सहा जण टाईप करायचे थांबले. हे दुसऱ्या कुठल्याही ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर मला मिळालेलं नाही, आणि लोक समोरासमोर बसून खेळतात तेव्हा जे होतं त्याच्या हे फार जवळ जातं.

टायनी एम्पायर्ससारखे हडवर चालणारे गेम पण आहेत, जमीन वाढवायची, आपल्यावर राजा, आपल्याखाली प्रजा, कुठेही फिरत असताना टर्न घेता येतो. ज्यांना एका जागी दोन तास बसायला जमत नाही त्यांच्यासाठी ठीक आहेत. मला टेबल लागतं, त्यामुळे मी त्यात फार रमले नाही.

अडचणी. वेळ सगळी कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे चालते, तिथे तिला एसएलटी म्हणतात, इव्हेंटची वेळ आपल्या वेळेत बदलून कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि तिकडचं घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे होतं तेही लक्षात असू द्या. सर्व्हर बहुतेक मंगळवार-बुधवारी रीस्टार्ट होतात, रीजनमधल्या सगळ्यांना बाहेर पडावं लागतं, पण घाबरायचं कारण नाही, टेबलातल्या स्क्रिप्ट जिथे होत्या तिथूनच पुढे चालू होतात, स्कोअर जात नाही. फक्त परत आल्यावर कोणीतरी घाईने रिसेट दाबायचं नाही, ते दाबलं की सगळं गेलं. लांब टर्नचे गेम असतील तर मोठे डाव या दोन दिवशी ठेवूच नयेत.

पैशाचं. तिथलं चलन लिंडन डॉलर, साधारण एका अमेरिकन डॉलरला २५० च्या आसपास येतात, आणि मित्रांबरोबर खेळायला एकही लागत नाही. जुगारावर २००७ पासून बंदी आहे, आणि पैसे भरून खेळायचं आणि जिंकलं की लिंडन डॉलर मिळायचे अशा स्किल गेमना २०१४ पासून वेगळ्या रीजनमध्ये आणि मंजुरी घेतलेल्या लोकांनाच परवानगी आहे. त्यामुळे भलत्याच ठिकाणी कोणी पैसे लावून बसायला सांगत असेल तर तिथून निघा. याहून महत्त्वाचं, फुकट मिळालेला गेम हड घातल्यावर त्याने तुमच्या खात्यातून लिंडन डॉलर काढायची परवानगी मागितली तर नाही म्हणा. अंगावर घातलेला हड तुमच्या मालकीचा असतो, त्यामुळे एकदा हो म्हटलं की तो तुमच्याच खात्यातून पैसे पाठवू शकतो. ज्या गेममध्ये कोणाला पैसे द्यायचेच नाहीत त्याला ही परवानगी लागायचं काहीच कारण नाही.

माझी खरी तक्रार एका टेबल विकणाऱ्याबद्दल आहे, नाव घेत नाही. षटकोनी बोर्डचा लढाईचा गेम, दिसायला सुंदर, पण चौथा खेळाडू मधेच डिस्कनेक्ट झाला की टेबल त्याच्याच टर्नवर अडकून बसायचं, पुढे ढकलायला काही सोयच नाही. नोटकार्ड पाठवलं, मेसेज केला, अपडेट येईल असं उत्तर आलं आणि नंतर काहीच नाही. टेबल नो-मॉडिफाय, म्हणजे घेणाऱ्याला बदल करायची परवानगी नसलेलं, होतं त्यामुळे स्वतः काही करता येईना. इतकी मेहनत घेऊन बोर्ड बनवणाऱ्या माणसाने एक स्किप बटण देऊ नये याचं मला अजून वाईट वाटतं, कारण गेम खरंच चांगला होता.

तेव्हा टेबल घेताना विकणाऱ्याकडे मांडून ठेवलेल्या डेमोवर आधी पूर्ण डाव खेळा, नुसते फासे टाकून बघू नका. डावाच्या मध्यात मुद्दाम एकाला लॉगआऊट करायला लावा आणि टेबल काय करतं ते बघा. लँड इम्पॅक्ट, म्हणजे प्लॉटवर ठेवता येणाऱ्या वस्तूंच्या मर्यादेतला किती वाटा ते टेबल खातं, ते वाचा, छोट्या प्लॉटवर जड टेबल ठेवलं तर खुर्च्या ठेवायला मर्यादाच उरत नाही. आणि कॉपी परवानगी असलेलंच घ्या, म्हणजे एक डाव अर्धा राहिला असेल तर ते टेबल तसंच ठेवून शेजारी दुसरं मांडता येतं, आमचा एक गोचा डाव असाच तीन आठवडे कोपऱ्यात उघडा आहे आणि दोघंही जमेल तसे येऊन एकेक चाल करून जातात.