तामिया टी-५५ए (१/३५): प्लास्टिक पैकीच्या पैकी, पट्टा मात्र घाम काढतो

तामिया या जपानी कंपनीचं सोव्हिएत टी-५५ए रणगाड्याचं हे प्लास्टिक मॉडेलचं किट (खऱ्याच्या १/३५ आकाराचं), क्रमांक ३५२५७, बाजारात येऊन वीसेक वर्षं झाली. मधल्या काळात मिनीआर्ट या दुसऱ्या मॉडेल कंपनीने इंजिन आणि आतल्या सामानासकट टी-५५ काढला. त्याचे सुटे भाग हजाराच्या वर जातात आणि सुट्या कड्यांचा पट्टा (रणगाड्याच्या चाकांभोवती फिरणारी साखळी) जोडता जोडता निम्मे लोक किट माळ्यावर टाकतात. तामियाचं तसं नाही. वीकेंडला बसून चार-पाच बैठकांत रंगापर्यंत पोचता येतं. पण सोलापुरात हे किट करायचं तर डब्यात काय आहे एवढं बघून भागत नाही. इथलं ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी यांचाही हिशेब धरावा लागतो.

आधी जोडणी. भाग एकमेकांत इतके नेमके बसतात की पुट्टी जवळजवळ लागतच नाही. घासायचं काम दोन ठिकाणी आहे: तोफेच्या नळीच्या कडेने जाणारी सांध्याची रेघ आणि मागचे दोन इंधनाचे ड्रम. नळीला ४०० नंबरचा वॉटर पेपर नुसता आडवा घासलात तर गोल नळी चपटी होते. कागदाची बारीक पट्टी करून, पॉलिश करतात तशी नळीभोवती ओढावी. मग ६०० आणि १०००. ड्रमवर उभार पट्टे आहेत, त्यामुळे सांधा पट्ट्यांच्या मधल्या जागेतच जपून घासावा लागतो. टरेटवर (तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटावर) ओतीव पोलादाचा खरखरीतपणा दिलाय, पण फारच सौम्य. जुन्या ब्रशने पातळ ग्लू लावून अर्ध्या मिनिटाने त्याच ब्रशने टोचत गेलं की पृष्ठभाग हवा तसा उठतो. वरच्या छताच्या दोन अर्धगोल प्लेटांना मात्र हात लावू नका. खऱ्या रणगाड्यात त्या ओतीव नाहीत, वेल्ड करून बसवलेल्या आहेत.

तामियाचा हिरव्या टोपणाचा एक्स्ट्रा थिन (अगदी पातळ) ग्लू सांध्यावर टेकवला की आपोआप आत ओढला जातो, हीच त्याची खुबी. एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखाली मात्र तो आत जायच्या आधीच उडून जातो. सांधा वरून चिकटल्यासारखा दिसतो आणि दोन दिवसांनी उघडतो. पंखा बंद, टोपण लगेच बंद, आणि मोठे सांधे सकाळी. चाकांच्या आत बसणाऱ्या मऊ पॉलिकॅपवर (चाक आसावर फिरावं म्हणून दिलेल्या टोपीवर) हा ग्लू चिकटत नाही, पण शेजारून ओघळला तर चाक आसाला कायमचं धरतं. तिथे ब्रशचं टोक नुसतं ओलं असावं.

आता पट्टा. या किटचं बरं-वाईट सगळं इथे ठरतं. डब्यात लांब रबरी पट्टे येतात. त्यातल्या त्यात चांगली गोष्ट म्हणजे ते प्लास्टिकच्या ग्लूने जोडता येतात, जुन्या किटांसारखी टोकं तापवून दाबावी लागत नाहीत. टी-५५ला वरून पट्टा तोलून धरणाऱ्या छोटी चाकं नाहीत. दर बाजूला पाच मोठी चाकं (खऱ्यात ८१० मिमी, इथे साधारण २३ मिमी), पुढे आयडलर (पट्टा ताणून धरणारं मोकळं चाक), मागे पट्टा ओढणारं दात्याचं चाक. त्यामुळे खऱ्या रणगाड्यात पट्टा स्वतःच्या वजनाने चाकांच्या माथ्यावर लोळतो आणि चाकांमधल्या जागेत झोळ खातो. रबरी पट्टा सरळ ताणून बसवला की चाकांवर पूल बांधल्यासारखा तरंगतो, आणि मग रंग कितीही चांगला असो, मॉडेल खेळणं वाटतं.

उपाय असा. पट्टा डिश धुवायच्या साबणाने धुऊन वाळवा आणि सुटा असतानाच रंगवा. टोकं जोडून क्लिपमध्ये रात्रभर ठेवा. इथे सुपरग्लू नको, तो कडक होतो आणि वाकवताना सांधा तडकतो. चाकं रंगवून बसवली की पट्टा चढवा, आणि मगच दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या चाकाच्या माथ्यावर सुपरग्लूचा एकेक थेंब, टाचणीच्या टोकाने. वरच्या फेंडरच्या आणि पट्ट्याच्या मध्ये पॅकिंगच्या फोमचे तुकडे खोचून रात्रभर दाबून ठेवा. सकाळी फोम काढला की झोळ पक्का बसलेला असतो. फेंडरवरचे डबे आणि पेट्या हे झाल्यावरच लावायच्या, नाहीतर दाबताना त्यांचे कोपरे मोडतात.

रंगात आपल्याकडची हवा सगळ्यात जास्त नडते. तामियाचा ॲक्रिलिक उन्हाळ्यात एअरब्रशच्या टोकापासून मॉडेलपर्यंत पोचेतोवर हवेतच सुकतो आणि वॉटर पेपरसारखा खरबरीत थर बसतो. पुस्तकी प्रमाण एकास एक धरतात. इथे रंग एक भाग, एक्स-२०ए थिनर दीड भाग आणि रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य) पाच टक्क्यांच्या आसपास धरा. रिटार्डर दहा टक्क्यांच्या वर गेला तर रंग दिवसभर चिकट राहतो आणि धूळ ओढतो. ०.३ नोझल, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर ५ ते ८ सेंटिमीटर. सकाळी सातच्या आत काम उरका. कूलर लावून लॅकर मारायची चूक बरेच जण करतात: दमट हवेत लॅकर पांढरट पडतो आणि दोष रंगाच्या बाटलीला जातो.

हिरव्यासाठी एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब एकटा वापरला तर तपकिरी झाक येते. चार भागांत एक भाग एक्सएफ-५ (फ्लॅट ग्रीन) घातला की सोव्हिएत हिरव्याच्या जवळ जातो. टरेटचं छत आणि इंजिनाचं झाकण यांवर त्याच रंगात थोडा एक्सएफ-५७ बफ मिसळून दुसरा हात. चाकांचं रबर रंगवायला सोपी युक्ती: आधी पूर्ण चाकावर एक्सएफ-८५ (रबर ब्लॅक) मारा, मग नवी पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीत मिळणारी वर्तुळांची पट्टी घेऊन, मधल्या धातूच्या भागाएवढं भोक निवडून, त्यातून हिरवा. दहा चाकं अर्ध्या तासात होतात, ब्रशने कडा रंगवत बसायला नको.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) लावण्याआधी चकचकीत क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा, एक हात हवाच, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. पाणी बोअरचं घेऊ नका. क्षारांची पांढरी कड डेकलभोवती उमटते आणि हिरव्यावर ती लपत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त पडतं.

भारतीय रणगाडा करायचा असेल तर थोडं थांबा. भारतीय रेजिमेंटच्या खुणा डब्यात नाहीत. १९७१च्या युद्धातल्या फोटोंत आपल्या टी-५५च्या नळीच्या मध्यावर जाड नळकांडं दिसतं. ते नळकांडं नकली आहे. पाकिस्तानकडचे चिनी बनावटीचे टाइप ५९ रणगाडे दिसायला जवळजवळ असेच, म्हणून आपल्यांची ओळख पटावी यासाठी बसवलेलं. ते प्लास्टिकच्या नळीचा तुकडा कापून करता येतं. साध्या टी-५५ला पुढच्या उताराच्या मध्यावर मशीनगनचं छोटं भोकही असे, टी-५५एमध्ये ती मशीनगन गेली. बारीक ड्रिलने भोक पाडणं सोपं, पण टी-५५एच्या टरेटवर हॅचभोवती (वरच्या झाकणांभोवती) किरणोत्सर्ग अडवणाऱ्या अस्तरामुळे आलेले उंचवटे आहेत, ते घासून काढणं सोपं नाही. नंतरच्या काळात आपल्या टी-५५वर १०५ मिमीच्या तोफा बसवल्या, त्या रूपासाठी डब्यातली नळी चालणारच नाही. बारकावे प्रत्यक्ष बघायचे तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय सोलापूरहून एका दिवसात करता येतं.

वॉशसाठी (खाचाखोचांत सोडायच्या पातळ गडद रंगासाठी) कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल ट्यूबमधला वाटाण्याएवढा रंग पुरतो. तो पातळ करायला हार्डवेअरमधलं टर्पेंटाइन आणू नका, तेलकट थर मागे राहतो. चित्रकारांचं, बिनवासाचं घ्या. आणि ते चाकांच्या आसांपाशी साचू देऊ नका: ताणाखाली असलेल्या उघड्या प्लास्टिकमध्ये ते शिरतं आणि आस आपोआप तडकतो. धुळीसाठी महागडी पिगमेंट पावडर मागवायची गरज नाही. मुलतानी माती मलमलच्या कापडातून दोनदा चाळून घ्या, गंजासाठी चिमूटभर काव. कोरड्या ब्रशने पसरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला की बसते. ओली असताना फार गडद दिसते, घाबरून आणखी टाकू नका. पट्ट्याच्या दातांवर ६बी पेन्सिल घासली की लोखंडाची चमक येते, रंगाची गरजच नाही.

मागवताना एक लक्षात ठेवा: किट कुरिअरने पटकन येतं, पण ग्लू, थिनर आणि रंग ज्वालाग्राही म्हणून रस्त्यानेच येतात आणि रखडतात. सगळं एकाच पार्सलमध्ये मागवलं तर किटही अडकून पडतं. शून्यापासून सुरुवात असेल तर रंग, ग्लू, निपर (भाग कापायची पक्कड) आणि वॉटर पेपर मिळून किटच्या किमतीएवढा खर्च धरा, एअरब्रश वेगळा. तयार रणगाडा नळीसकट २६ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. काचवाल्याकडून आतून ३० × १४ × १२ सेंटिमीटरची पेटी करून घ्या, खालची कड रबर लावून बंद करा.