गाडी २००६ची, विमा कंपनीच्या नोंदीत २०१२ची

ब्रिटनमधून स्वतःची जुनी गाडी घेऊन युरोपात जायचा बेत असेल आणि 'गाडी कितीही जुनी असू दे, ब्रेकडाउन कव्हर मी काढून देतो' असं सांगणारं कोणी भेटलं असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ब्रेकडाउन कव्हर म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत मिळवून देणारा विमा. तो काढून देतो म्हणणाऱ्या अशाच एका माणसाला आम्ही पंचाण्णव पौंड दिले. या सगळ्या प्रकरणातला तो सगळ्यात लहान खर्च.

आमची गाडी डिझेल इस्टेट, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली, २००६ची. नंबर प्लेटवर ५६, म्हणजे सप्टेंबर २००६ ते फेब्रुवारी २००७ मधली नोंदणी. इथे कोणालाही प्लेट बघून गाडीचं वय कळतं. एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, वेळच्या वेळी, सर्व्हिसिंगही. ब्रिटनमध्ये गाडी बंद पडली तर मदत मिळायला वय फारसं आड येत नाही, पण युरोपचं कव्हर मागितलं की पंचाईत सुरू होते. कोणाची दहा वर्षांची मर्यादा, कोणाची पंधरा. काही जण जुनी गाडी घेतात, पण जादा पैसे लावून. आणि घेतली तरी बहुतेक पॉलिसींत एक कलम असतंच: गाडी मायदेशी आणण्याचा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा जास्त होत असेल तर आम्ही आणणार नाही. आता नऊशे पौंडांची गाडी ट्रकवर चढवून मध्य फ्रान्सातून इंग्लंडला आणायची तर त्याहून जास्तच लागणार. म्हणजे जुन्या गाडीवाल्याच्या पदरात खरं तर रस्त्यावरची मदत, गॅरेजपर्यंत टोइंग, एखाद-दोन रात्रींचं हॉटेल आणि माणसांना परत आणायची सोय, एवढंच पडतं. ही काही फसवणूक नाही. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं आणि कंपनीचा हिशोबही बरोबर असतो. पण सगळीकडून नकार ऐकून वैतागलेल्या माणसाला 'हो, होईल की' म्हणणारा देवासारखा वाटतो, आणि असल्या लोकांचा धंदा नेमका त्यावर चालतो.

आमच्या त्या माणसाचा फोन नंबर दिला यांच्या ऑफिसातल्या एका दादांनी. "वहिनी, मी गाडीचा विमासुद्धा त्याच्याकडूनच घेतो. चांगला आहे माणूस, स्वस्तात करून देतो." दादांच्या गाडीला कधी काही झालं नव्हतं. ज्याने एकदाही क्लेम केलेला नाही त्याच्या तोंडून 'विमा चांगला आहे' हे ऐकण्यात काही अर्थ नसतो, पण आपल्या लोकांत सगळे नंबर असेच फिरतात.

सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. लॉगबुकचा (म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा) फोटो, लायसन्स, प्रवासाच्या तारखा, सगळं त्याने रीतसर मागून घेतलं. स्वतःहून एफसीएचा, म्हणजे इथल्या वित्त आणि विमा व्यवसायावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांकही पाठवला. मी तो एफसीएच्या रजिस्टरमध्ये तपासला. फर्म खरी, परवाना चालू. फक्त ती फर्म त्याची नव्हती, हे मला नंतर कळलं. दुसऱ्याचा क्रमांक वापरून धंदा करणाऱ्यांना एफसीए 'क्लोन फर्म' म्हणते. रजिस्टरमध्ये त्या फर्मचा स्वतःचा फोन नंबर दिलेला असतो आणि फोन करायचा तो त्याच नंबरवर. समोरच्याने दिलेल्या मोबाइलवर नाही. कार्डाची लिंक चालत नाही म्हणून त्याने बँक ट्रान्सफर करायला सांगितलं. नाव टाकल्यावर बँकेच्या ॲपने 'नाव जुळतं' असा हिरवा कंदील दाखवला. तो हिरवा कंदील एवढंच सांगतो की खातं त्या नावाचं आहे. खातेदार विमा विकायला पात्र आहे का, हे बँकेला कुठून कळणार?

संध्याकाळपर्यंत पीडीएफ आलं. एका खऱ्या विमा कंपनीच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट, पॉलिसी क्रमांक, माझं नाव, गाडीचा नंबर, पहिली नोंदणी २००६. सोबत इथे विम्याबरोबर द्यावाच लागतो तो थोडक्यात माहिती देणारा कागदही होता: काय कव्हर होतं, काय होत नाही, मर्यादा काय. 'वाहनाच्या वयाची अट नाही' हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत. ते कागद आजही बघितले तर त्यात खोट सापडत नाही.

कॅलेहून ए२६ने त्र्वाला, तिथून ए५, आणि लांग्रच्या पुढे दिजाँकडे जाणारा ए३१. तिथे टेंपरेचरचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. रविवार दुपार. लांबून दिसणारी चमकदार जॅकेटं घालून सगळे कठड्यापलीकडे गेलो आणि नारिंगी एसओएस खांबावरून फोन केला. फ्रान्समध्ये टोलच्या मोटरवेवर तुमच्या कव्हरवाल्याचा ट्रक येऊच शकत नाही. त्या पट्ट्यासाठी नेमलेलाच टोइंगवाला येतो. त्याचे दर सरकारने ठरवलेले असतात, आणि संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर निम्मा जादा आकार. पैसे आपण भरायचे, पावती जपायची आणि नंतर कव्हरवाल्याकडून परत घ्यायचे. खऱ्या पॉलिसीतही असंच असतं. दोनशे युरोंच्या वर गेले, पण तेव्हा मी निर्धास्त होते. पावती पर्समध्ये होती आणि कव्हर होतं.

टोइंगवाल्याच्या यार्डातून फोन लावला. सर्टिफिकेटवरचा नंबर खरा निघाला. फोन विमा कंपनीलाच लागला, पॉलिसी क्रमांकही त्यांच्याकडे सापडला. मग त्या बाईंनी विचारलं, "मॅडम, गाडी कोणत्या सालची?"

"२००६."

"आमच्याकडे २०१२ आहे."

"माझ्या हातात तुमचा कागद आहे. त्यावर २००६ लिहिलंय."

"तो कागद आम्ही पाठवलेला नाही. आणि नंबर प्लेट ५६ची असेल तर गाडी सहसा २०१२ची नसते. तुमचा ईमेल पत्ता सांगता का?"

सांगितला. त्यांच्या नोंदीत दुसराच होता.

हळूहळू उलगडलं ते असं. पॉलिसी खरी होती. त्या माणसाने कंपनीच्या साइटवर जाऊन, गाडीची माहिती आपोआप भरू न देता हाताने टाकली, साल २०१२ घातलं म्हणजे गाडी मर्यादेत बसली, आणि ईमेल स्वतःचा दिला. एकेचाळीस पौंडांची पॉलिसी त्याच्याकडे आली. मग पीडीएफमधलं साल बदलून आणि वयाचं ते ठळक वाक्य स्वतःचं घुसडून त्याने ते मला पंचाण्णवला विकलं. कंपनीची स्मरणपत्रं, सूचना, सगळं त्याच्याकडे जात होतं. याला इथे 'घोस्ट ब्रोकिंग' म्हणतात, आणि त्याचे प्रकार तीन. कागद संपूर्ण बनावट असतो, किंवा पॉलिसी खरी पण माहिती खोटी, किंवा सगळं खरं काढून काही दिवसांनी पॉलिसी रद्द करायची आणि रिफंड खिशात घालायचा. मोटर विम्यात हे बोकाळलंय. सिटी ऑफ लंडन पोलिसांचं विमा फसवणुकीसाठीचं वेगळं पथक २०१२पासून आहे, ते उगाच नाही.

कंपनीने पॉलिसी रद्दबातल केली, म्हणजे ती कधी नव्हतीच असं धरलं. मी म्हटलं, खोटी माहिती मी दिलेली नाही. उत्तर आलं, त्याने तुमच्या वतीने फॉर्म भरला, म्हणून तो तुमचा एजंट. ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या विम्यातल्या माहितीसंबंधी २०१२चा कायदा आहे. विकणारा ग्राहकाचा एजंट की कंपनीचा, हे ठरवायचे नियमही त्याच्या परिशिष्टात आहेत, आणि त्या नियमांनुसार कंपनी चूक ठरत नव्हती. प्रीमियम त्यांनी परत केला. कोणाला? ज्या कार्डावरून भरला होता त्या कार्डाला. म्हणजे चोरालाच. यावर हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यार्डात गाडी ठेवायचं भाडं दिवसागणिक चढत होतं. पाण्याचा पंप गेला होता, त्याच्यासोबत टायमिंग बेल्ट बदलणं आलंच. गॅरेजवाल्याने दिलेला आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता. गाडी तिथेच भंगारात द्यावी असाही विचार झाला. तेही सोपं नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनची गाडी तिकडे तात्पुरत्या प्रवेशावर असते आणि तिकडेच सोडायची म्हटली की कस्टम्सची कागदपत्रं मागे लागतात. बऱ्याच खऱ्या पॉलिसींत या खर्चाचाही उल्लेख असतो, तो मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. शेवटी दुरुस्तीच करून घेतली.

आता पैशांचं. पंचाण्णव हा आकडा आला कुठून, ते मला घरी आल्यावर कळलं. क्रेडिट कार्डाने घेतलेल्या वस्तूची किंमत शंभर पौंडांहून जास्त असेल तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ने बँकही जबाबदार धरता येते. शंभरच्या आत नाही. बँक ट्रान्सफरने फसवलं गेल्यास ७ ऑक्टोबर २०२४पासून बँकांना पैसे परत द्यावे लागतात, ८५ हजार पौंडांपर्यंत, पण त्यातून शंभर पौंडांपर्यंतची रक्कम कापून घ्यायची बँकेला मुभा आहे. पंचाण्णवातून शंभर कापल्यावर काय उरतं ते सांगायला नको. माझ्या बँकेने कापले. सगळ्याच बँका कापतात असं नाही, म्हणून तक्रार करायचीच. १५९ फिरवला की आपल्या बँकेच्या फसवणूक विभागाशी जोडून देतात. कार्डाने पैसे दिले असतील तर शंभरच्या आतही चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. तो कायद्याने मिळणारा हक्क नाही, कार्ड कंपन्यांचा नियम आहे, पण मिळतो. कार्ड चालत नाही म्हणून ट्रान्सफर मागणारा माणूस तेवढीही वाट बंद करत असतो.

पैशांपेक्षा जास्त डोकं खाल्लं त्या 'रद्दबातल' शब्दाने. पुढे कुठलाही विमा घेताना फॉर्मवर प्रश्न येतो: तुमची पॉलिसी कधी रद्द किंवा रद्दबातल झाली आहे का? 'हो' म्हटलं की हप्ता चढतो किंवा नकार येतो. 'नाही' म्हटलं तर ती खोटी माहिती. म्हणून मी कंपनीच्या फसवणूक विभागाला व्हॉट्सॲपचा सगळा संवाद, दोन्ही पीडीएफ आणि पोलिसांकडच्या तक्रारीचा क्रमांक दिला आणि नोंद दुरुस्त करा अशी लेखी तक्रार केली. तक्रारीवर अंतिम उत्तर द्यायला कंपनीला आठ आठवडे असतात. ते पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे, फुकट जाता येतं. आमच्या बाबतीत तिथवर जावं लागलं नाही. पॉलिसी माझी फसवणूक करून काढली गेली होती आणि ती माझ्या नावावर धरली जाणार नाही, असं पत्र मिळालं. ते मिळेपर्यंत सोडू नका.

तर कव्हर कोणाकडूनही घ्या, पण निघायच्या आधी विमा कंपनीला स्वतः फोन करा. नंबर एफसीएच्या रजिस्टरमधून घ्या, कागदावरचा नको. आणि 'माझी पॉलिसी चालू आहे का' एवढंच विचारून फोन ठेवू नका. माझीही चालूच होती. त्यांच्याकडे काय नोंदलंय ते त्यांनाच वाचून दाखवायला सांगा: पहिल्या नोंदणीची तारीख, गाडीचा नंबर, ईमेल, देश, तारखा. तुम्ही आधी काही सांगू नका. लॉगबुक समोर ठेवा आणि जुळवा. मग विचारा की गाडीचं वय पॉलिसी सुरू होते त्या दिवशी धरता की प्रवासाच्या दिवशी, बाजारभाव कसा ठरवता, गाडी आणण्यासारखी नसेल तर आम्हाला घरी कसं पोचवणार, आणि फ्रान्समधल्या मोटरवेच्या टोइंगचे पैसे परत मिळतात का. शेवटच्या प्रश्नावर जो अडखळेल त्याच्याकडून घेऊ नका.

यंदा आम्ही ठरावीक गाडीऐवजी माणसाच्या नावावर असलेलं कव्हर घेतलं, एका बँक खात्यासोबत मिळणारं. वयाचं तिथेही लेखी विचारून घेतलं. फार जुन्या, हौसेच्या गाड्या असतील तर क्लासिक गाड्यांचा विमा करणाऱ्यांकडे युरोपचं कव्हर सोबत मिळतं, पण त्यांना रोज ऑफिसला नेली जाणारी इस्टेट सहसा नको असते.

दादांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना आधी पटेना. "अहो वहिनी, माझं तर ऑनलाइन दिसलं होतं." मोटर विम्याची नोंद मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या साइटवर आपल्या गाडीपुरती फुकट बघता येते. ब्रेकडाउन कव्हरची अशी कुठलीच यादी नसते. त्यांनी ती नोंद बघितली होती विमा घेतला त्या आठवड्यात. मी म्हटलं, आज बघा. बघितली, तर विमा नव्हता. त्याने पॉलिसी काढून, दादांना दाखवून, नंतर रद्द करून रिफंड उचलला होता. विम्याशिवाय गाडी चालवताना पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट, शिवाय पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. दादा महिनोनमहिने रोज मुलांना शाळेत सोडत होते. त्या दिवशी ते बसने घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टरमधला नंबर शोधून कंपनीशी थेट बोलून विमा काढला, जवळजवळ दुप्पट पैशांत.