थायरॉइडसाठी या डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत, पण हातात वेळ ठेवून जा

ज्यांचा थायरॉइड कमी आहे आणि गोळी चालू असूनही दमायला होतं, केस गळतात, वजन जागचं हलत नाही, त्यांच्यासाठी लिहितेय. मी आधी ज्यांच्याकडे जायचे (नाव घेत नाही) त्यांची पद्धत एकच, रिपोर्ट हातात घ्यायचा, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं हॉर्मोन, थायरॉइड कमी पडला की हे वाढतं) वाढलेला दिसला की डोस वाढवायचा, कमी दिसला की कमी करायचा, नेक्स्ट पेशंट. पन्नास मायक्रोग्रॅमची पंचाहत्तर, पंचाहत्तरची शंभर, मग छातीत धडधड व्हायला लागली म्हणून परत पंचाहत्तर. समोर बसलेल्या माणसाला काय होतंय ते विचारायची भानगडच नाही.

या मॅडम एंडोक्रायनॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे हॉर्मोनच्याच डॉक्टर. रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता, नंतर चहा-कॉफी किती वेळाने, आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. आयर्न आणि कॅल्शियम चालू होतं, दोन्ही आधीच्या डॉक्टरांनीच लिहून दिलेलं, दोन्ही सकाळीच, आणि कशात किती अंतर ठेवायचं हे चिठ्ठीवर कुठेच नव्हतं. मॅडमनी डोसला हातच लावला नाही. म्हणाल्या, थायरॉक्सिन (म्हणजे थायरॉइडची गोळी) रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर, नाश्ता आणि चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासाने, आयर्न-कॅल्शियम कमीत कमी ४ तासांनी. कारण ही दोन्ही त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात नीट जाऊच देत नाहीत, मग डोस वाढवून उपयोग काय. काही ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळेही ती कमी शोषली जाते म्हणे. आणि सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवून ३ तास तरी झालेले हवेत. एवढं साधं आहे हे, पण आधी कोणी सांगितलंच नव्हतं!

दुसरं म्हणजे त्या थांबायला लावतात. मी म्हटलं पंधरा दिवसांत परत टेस्ट करू का, तर सरळ नाही म्हणाल्या. ही गोळी शरीरातून निम्मी व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे काहीही बदल केला की नवीन पातळी स्थिर व्हायला काही आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून हळूहळू येतो, म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या आत केलेल्या टेस्टवरून डोस बदलला की गाडी नुसती इकडून तिकडे हेलकावे खाते. माझं तेच चाललं होतं ना इतके दिवस.

टेस्टच्या बाबतीत तर मला त्या फारच आवडल्या. लॅबवाले पॅकेजमध्ये टी३, टी४ (थायरॉइडची स्वतःची हॉर्मोन्स), अँटिबॉडी सगळं घालतात. मॅडम म्हणाल्या अँटी-टीपीओ (त्यातलीच एक अँटिबॉडी) एकदा पॉझिटिव्ह आलं की हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार, आहे हे कळलं, विषय संपला, दर वेळी तो आकडा बघून काही बदलत नाही. डोस ठरवायला टीएसएच, लागलाच तर फ्री टी४ (रक्तात मोकळं असलेलं टी४). सोनोग्राफी सांगितली नाही, स्वतः हाताने गळा तपासला, घोट गिळायला लावला, गाठ लागली असती तर पाठवलं असतं म्हणाल्या. आणि केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी २ दिवस तरी बंद ठेवा, त्याने रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, ही माहिती मला तरी पूर्ण नवीन होती.

आता ज्यांना गोड बोलणारे डॉक्टर लागतात त्यांनी विचार करून जा. वजनाचं विचारलं तर स्पष्ट सांगितलं की थायरॉइडमुळे वाढतं ते बहुतेक वेळा थोडेच किलो, त्यातही पाणी आणि मीठच जास्त, सगळं गोळीवर ढकलू नका. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण टीएसएच नॉर्मलला येऊनही थकवा राहिला तेव्हा 'मनाचे खेळ आहेत' म्हणून हाकलून दिलं नाही, हिमोग्लोबिन, बी१२ बघितलं, झोपेचं विचारलं. माझ्या जावेचा टीएसएच ६ च्या आसपास, म्हणजे थोडासाच जास्त होता, फ्री टी४ व्यवस्थित, त्रास काही नाही, तिला गोळीच दिली नाही, २-३ महिन्यांनी परत बघू म्हणाल्या. ती वैतागून दुसरीकडे गेली, तिथे लगेच गोळी मिळाली आणि ती आता खूश आहे. मला विचाराल तर मॅडमचं बरोबर होतं, घरात मात्र हा विषय काढत नाही मी. प्रेग्नन्सीचं गणित वेगळं, गोळी चालू असेल आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कळवा असं त्या आधीच बजावून ठेवतात, कारण बहुतेकींचा डोस तेव्हा वाढवावा लागतो.

तक्रारी आहेतच. दिलेली वेळ फक्त कागदावर, बाहेर बसून कंटाळा येतो, रिसेप्शनला विचारलं तर 'बसा, बोलावतो' एवढंच उत्तर. फोनवर रिपोर्ट सांगत नाहीत, मेसेजला रिप्लाय नाही. त्याचा एक स्टार कापला.

आता माझा डोस स्थिर आहे म्हणून त्यांनीच सांगितलं, वर्षातून एकदा टीएसएच करा, फॅमिली डॉक्टरांना दाखवा, आकडा एकदम बिघडला किंवा हृदयाचं काही निघालं तरच इकडे या. जाणार असाल तर जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि चालू गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाका, टॉनिकसकट, कारण नुसती नावं सांगून त्यांचं भागत नाही.