मेकॅनिकल ब्रॉडहेड, एक प्लास्टिकची कॉलर आणि माझे गेलेले डॉलर: अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

"कॉलर कन्झ्युमेबल असते, वॉरंटीत येत नाही." तीन आठवडे मेल-मेल खेळून झाल्यावर माझ्या ब्रॉडहेडच्या, म्हणजे शिकारीच्या बाणाला लावायच्या पातेदार टोकाच्या, कंपनीचं हे एका ओळीचं उत्तर आलं आणि त्याच रात्री मी हे लिहायला घेतलं, त्यामुळे सुरुवात जरा तिखट वाटली तर समजून घ्या, पुढे माझं मत बदललंय तेही प्रामाणिकपणे टाकलंय. कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तिचे भक्त भांडायला येतात.

भारतातल्या मित्रांना आधीच सांगतो, तिकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा वाचून सोडून द्या, काही मागवायच्या भानगडीत पडू नका. मी मिशिगनमध्ये असतो, इथे व्हाइटटेल हरणं एवढी आहेत की रात्री गाडी चालवताना भूत नाही हरीण आडवं येईल अशी भीती असते. रीतसर हंटर सेफ्टीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या सोयाबीनच्या कडेला ट्री स्टँड (झाडावर बसायची जागा) लावू दिला. धनुष्यच का, तर बायकोने स्पष्ट सांगितलं होतं की घरात बंदूक येणार नाही, आणि आली तर ती स्वतः घर सोडून जाणार. इथे आर्चरीचा सीझन १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, मग १५ पासून बंदूकवाल्यांची जत्रा, आणि परत १ डिसेंबर ते १ जानेवारी आपला. माझं कंपाउंड (कप्प्यांचं धनुष्य) ६० पाउंड ओढीचं, बाण टोकासकट ४२० ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप), वेग २५५ फूट सेकंदाला, म्हणजे साधारण ६० फूट-पाउंड ऊर्जा. हरणासाठी भरपूर झाली.

ऑगस्टमध्ये दुकानात गेलो तर काउंटरवरच्या पोराने मेकॅनिकलच हातात दिला. दोन पात्यांचा, उघडल्यावर दोन इंच काप, १०० ग्रेन. "फील्ड पॉइंटसारखाच उडतो, ट्यूनिंगची कटकट नाही" असं म्हणाला (फील्ड पॉइंट म्हणजे सरावाचं बिनपात्यांचं टोक, ट्यूनिंग म्हणजे बाण सरळ सुटावा म्हणून धनुष्य जुळवणं), आणि हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. तीनचं पाकीट ४५ डॉलर. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं की बाणाच्या एका टोकाला तेराशे रुपये पडले तर ती म्हणाली तेराशेत नवी विळी, अडकित्ता आणि वर एक खुरपं येईल, आणि तेही वीस वर्षं टिकेल. आईचं गणित चुकत नाही.

आता कॉलर. हा ब्रॉडहेड मागे सरकून उघडणाऱ्या जातीचा आहे, म्हणजे पाती मिटलेली असतात आणि हरणाला लागल्यावर मागे सरकत बाहेर पसरतात. लागेपर्यंत ती मिटलेली ठेवायचं काम एक प्लास्टिकची निळी कॉलर करते. करंगळीच्या नखापेक्षा लहान, भाताच्या शिताएवढी जाड. बाकी सगळं स्टील, ॲल्युमिनियम, जाहिरातीत विमानाच्या धातूच्या गप्पा, आणि सगळा कारभार अवलंबून कशावर तर पेनाच्या टोपणाच्या लायकीच्या प्लास्टिकवर! गंमत म्हणजे या कॉलरवर जोर सगळ्यात आधी येतो तो बाण सुटताना. एसटीने झटका देऊन गाडी सोडली की उभे प्रवासी मागे कोलमडतात ना, तसंच बाण पुढे झेपावतो आणि पाती मागे राहू पाहतात, म्हणजे नेमकी उघडायच्या दिशेलाच. त्या क्षणी त्यांना धरून ठेवणारी एकटी ती निळी कॉलर.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी सव्वासहा. एक डो, म्हणजे मादी हरीण, बावीस यार्डावर आडवी उभी राहिली, मी अठरा फूट वर. खांद्याच्या मागे नेम धरला, सोडला, आणि बाण डोळ्यांदेखत डावीकडे आणि वर सरकला. थाड असा आवाज आला, लाकडावर काठी मारल्यासारखा. फुप्फुसात बाण गेला की आवाज बद्द येतो, पाण्याच्या पिशवीवर थाप मारावी तसा, हा तसा नव्हता. तासभर थांबून खाली उतरलो तर पंधरा पावलांवर मोडलेला बाण, रक्त पुढच्या चार इंचांवरच. एक पातं पूर्ण उघडलेलं, दुसरं अर्धं, कॉलरचा पत्ताच नाही. रक्ताचे थेंब लालभडक पण बारीक, दोनशे यार्डांवर तेही संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी माग काढणारं कुत्रं घेऊन एक माणूस आला, कुत्र्याने ओढ्यापर्यंत नेलं आणि तिथे बसलं. हरीण मिळालं नाही. त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही, जास्त लिहीत नाही त्यावर.

मग मी केलं ते टिपिकल इंजिनिअरने करावं तेच. उरलेल्या दोन ब्रॉडहेडच्या कॉलर तपासल्या तर एकीला भिंगातून दिसेल अशी चीर. झालं, मला पुरावा मिळाला. फोटो, तारीख, पावती सगळं कंपनीला पाठवलं. पहिलं उत्तर, "फोटो अजून स्पष्ट पाठवा." दुसरं, "सीरियल नंबर पाठवा," तर ब्रॉडहेडवर सीरियल नंबर असतो का हो? तिसरं, जे वर लिहिलंय ते. आठ कॉलरचं सुटं पाकीट दहा डॉलर, ते मात्र तत्परतेने विकायला तयार. म्हणजे प्रत्येक प्लास्टिकच्या कडीला सव्वा डॉलर. इथे माझं डोकं सटकलं. दहा डॉलरचं पाकीट मुद्दाम आणलं आणि सहा कॉलर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, मटारच्या पिशवीवर, बायको म्हणाली आता हे काय नवीन. सकाळी एकेक ब्रॉडहेडवर चढवली, सहातल्या दोन चढवतानाच तडकल्या. मी व्हिडिओ काढून तोही पाठवला. उत्तर नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल बरोबर आहे तुझं. मीही तेच म्हणत होतो, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत.

मग एका संध्याकाळी पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचली. कॉलर एकदाच वापरायची असते. लागली की तुटणं हेच तिचं काम. मी काय करत होतो, तर सरावाला मारलेल्या बाणाची कॉलर जर बरी दिसली तर पुसून परत चढवत होतो, कारण सव्वा डॉलर फेकवत नव्हता. २६ तारखेला बाणावर होती ती किमान दुसऱ्यांदा चढवलेली होती, तिसऱ्यांदाही असेल. आता मान्य, चूक माझी. पण माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टीवर एका जिवाचं सुखाने की हालाने मरणं ठरतं ती सूचना मुंगीच्या अक्षरात मागच्या बाजूला का, आणि "फील्ड पॉइंटसारखा उडतो" हे पुढे केवढं मोठं का?

असो. चिडून फिक्स्डकडे, म्हणजे न मिटणाऱ्या पात्यांच्या ब्रॉडहेडकडे वळलो. फिक्स्डमध्येही दोन घराणी आहेत, एक मझी ब्रँडसारखं, बदलायच्या पात्यांचं, आणि एक मॉन्टेक ब्रँडसारखं एकसंध. मॉन्टेक बनवणारी जी-फाइव्ह तर इथलीच, मिशिगनमधल्या मेम्फिसची. धनुष्यं बनवणाऱ्या फ्रेड बेअरचा कारखानाही अनेक वर्षं इथेच ग्रेलिंगला होता, म्हणजे या राज्याचं आणि बाणाच्या फाळाचं जुनं नातं आहे. मी घेतला तो दुसऱ्याच कंपनीचा, एकसंध, तीन पात्यांचा, १०० ग्रेन, काप इंचाहून थोडा जास्त. मिशिगनचा नियम किमान ७/८ इंच रुंदीचा आहे, त्यात आरामात बसतो. तीनचे ३९ डॉलर. पाकिटातून काढल्यावर धार ठीकठाकच होती, अंगठ्याच्या नखावर घसरत होती. पण या आकाराची खुबी अशी की दोन पाती एकदम दगडावर सपाट बसतात, कोन धरायचं कौशल्य लागतच नाही, घासलं, फिरवलं, घासलं. गेल्या वेळी आईने सामानात कोंबलेला कुरुंदाचा दगड होता, विळीसाठी आणलेला, त्यावर आधी आणि मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर. दहा मिनिटांत हातावरचे केस निघायला लागले. बायकोला वाटलं मी अंगावर कुठे चामखीळ काढतोय.

दोन इंचांसमोर एक इंच म्हणजे निम्मा काप, असं दुकानातले लोक सांगतात, ते गणित मला पटलं नाही म्हणून करून बघितलं. दोन पात्यांच्या दोन इंची मेकॅनिकलचा एकूण काप दोन इंच. तीन पात्यांच्या १.०६ इंची फिक्स्डमध्ये प्रत्येक पातं मध्यापासून ०.५३ इंच, तिप्पट केलं की १.५९. म्हणजे फरक दोन आणि दीडचा आहे, दुप्पट वगैरे काही नाही. शिवाय सरळ फट मिटू शकते, तीन बाजूंची जखम तितकी सहज मिटत नाही असं म्हणतात. आणि पाती उघडायला जी ऊर्जा खर्च होते ती फिक्स्डमध्ये आत शिरायला वापरली जाते. ज्यांचं धनुष्य ४०-४५ पाउंडाचं आहे त्यांनी तर मेकॅनिकलच्या वाटेला जाऊच नये, हे मी आजही ठामपणे सांगेन.

आता खरा दणका. पहिल्यांदा फिक्स्ड मारला तर तीस यार्डावर फील्ड पॉइंटपेक्षा सहा इंच डावीकडे! दुसरा मारला, पाच इंच. आधी शिव्या घातल्या, मग डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं. फिक्स्डची पाती उघडीच असतात, ती पुढच्या टोकाला पंखासारखी काम करतात, त्यामुळे बाण जरा जरी वाकडा सुटला तरी तो वाकडेपणा वाढवून दाखवतात. म्हणजे माझं धनुष्यच वाकडं मारत होतं, ऑगस्टपासून. मेकॅनिकल ते झाकत होता, क्रोसिन घेऊन ताप झाकावा तसं. रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो भाग) उजवीकडे सरकवायचा, जिकडे फील्ड पॉइंट लागतोय तिकडे, आणि तोही इतका थोडा की दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा. सरकवा, मारा, बघा, परत सरकवा. दोन संध्याकाळी गेल्या, एक बाण कुंपणापलीकडे गेला तो अजून सापडायचाय. शेवटी दोन्ही टोकं एकाच ठिकाणी लागायला लागली आणि बोनस म्हणजे फील्ड पॉइंटचा ग्रुपही (बाण लागतात तो पुंजका) आधीपेक्षा घट्ट झाला.

मग प्रश्न उरतोच. २६ ऑक्टोबरला बाण डावीकडे का गेला, कॉलर आधीच सुटली म्हणून की माझं धनुष्य वाकडं होतं म्हणून? बावीस यार्डावर मिटलेला मेकॅनिकल एवढा सरकत नाही, त्यामुळे कॉलरचा हात होताच असं मला अजूनही वाटतं, पण शपथेवर सांगणार नाही. नोव्हेंबरच्या शेवटी शेजाऱ्याच्या ट्रेल कॅमेऱ्यात पुढच्या उजव्या पायाने लंगडणारी एक डो दिसली. तीच की दुसरी, माहीत नाही. मी तो फोटो फोनमध्ये ठेवलाय.

डिसेंबर अपडेट. दुसरा शनिवार, उणे नऊ डिग्री, बोटं बधीर. सतरा यार्डावर डो, जराशी पलीकडे तोंड करून, तिरकी. या वेळी आवाज आला तो बद्द. बाण आरपार जाऊन बर्फात रुतलेला, पूर्ण लांबी लाल, आणि रक्तात गुलाबी फेस, म्हणजे फुप्फुस. तरी अर्धा तास बसून राहिलो, हात थरथरत होते ते थंडीने असं मी घरी सांगितलं. साठ पावलांवर पडलेली. ब्रॉडहेड कोमट पाण्याने धुतला, एका पात्याचं टोक किंचित बोथटलं होतं, दगडावर दहा-बारा वेळा फिरवला की परत नवा. तेरा डॉलरचा माल, पुढच्या वर्षीही हाच. मटण कांदा-खोबऱ्याच्या वाटणात केलं, पहिल्यांदा चामड्यासारखं झालं कारण या मांसात चरबी नसतेच, दुसऱ्यांदा तेल सढळ घातलं आणि मंद शिजवलं तेव्हा मुलांनीही खाल्लं.

मेकॅनिकल वाईटच असं नाही म्हणणार. शेजारच्या म्हाताऱ्याने नोव्हेंबरमध्ये मेकॅनिकलनेच बक (नर हरीण) पाडला, तीस पावलांत खाली, आणि रक्ताचा माग असा की रंगाचा डबा सांडावा, माझ्या डिसेंबरच्या मागापेक्षा कितीतरी रुंद. पण तो दर वेळी नवी कॉलर घालतो, जुनी खिशात ठेवतच नाही. ज्याला हे जमतं त्याने खुशाल घ्यावा. माझ्यासारख्याने, जो रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यातही डाळ भरून ठेवतो, त्याने फिक्स्ड घ्यावा आणि दोन संध्याकाळी ट्यूनिंगला द्याव्यात. आणि घट्ट करताना सोबतचा पाना वापरा बाबांनो, मी एकदा बोटांनी फिरवायला गेलो, तीन टाके पडले, ते बिल ब्रॉडहेडच्या बारा पाकिटांएवढं आलं.

पाकिटात उरलेल्या कॉलर मुलीने बाहुलीला बांगड्या म्हणून घातल्यात. दोन महिने झाले, रोज काढते, रोज घालते. एकही तुटलेली नाही.