गॅस भरायचा, गळती काढायची, की यंत्रच बदलायचं?

कोल्ड रूमचं तापमान चढलं की मेकॅनिक गेज लावतो, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) कमी दिसतं आणि निकाल लागतो: "गॅस कमी झालाय." पण गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो बंद पाइपांत फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठूनतरी गेला.

तोही खरंच गेलाय का, हे आधी बघा. आतल्या कॉइलवर बर्फाचा थर चढला किंवा पंखा बंद पडला, तरी सक्शन प्रेशर उतरतं. गॅस कमी असेल तर सुपरहीट, म्हणजे कॉइलमध्ये उकळून झाल्यावर गॅस आणखी जितका तापतो तो फरक, वाढतो. कॉइल गोठली असेल तर तो सहसा घटतो. ड्रायरला, म्हणजे पाइपातला ओलावा आणि कचरा अडवणाऱ्या फिल्टरला, हात लावा. त्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा गार लागत असेल तर तो तुंबलाय. अशा वेळी गॅस भरणं म्हणजे पायाला लागलं असताना हाताला पट्टी.

गॅस खरंच कमी निघाला, की तीन वाटा उरतात.

नुसता गॅस भरणं तासाभराचं काम. आत माल खच्चून भरलाय आणि रात्र झालीय, तर मीही हेच करायला सांगेन, पण फक्त त्या रात्रीपुरतं. बऱ्याच कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या गार गॅसनेच थंड राहते; तो कमी पडला की मोटरचं वाइंडिंग (तारांची गुंडाळी) तापतं. शिवाय आर-४०७सीसारख्या मिश्रणातले घटक गळताना सारख्या प्रमाणात जातीलच असं नाही. मग वरून टाकलेल्या गॅसने मूळ प्रमाण परत येत नाही.

गळती काढायची तर रूम बहुधा दिवसभर बंद ठेवावी लागते. उरलेला गॅस काढून घेणं, नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधणं, ब्रेझिंग (झाळून सांधा जोडणं), नवा ड्रायर, मग ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे उरलेल्या दाबाचं माप) व्हॅक्यूम. पंप बंद केल्यावर ते टिकतं का, हेही बघायला हवं. महाग वाटतं, पण दोष अनेकदा क्षुल्लक निघतो. एका रूममध्ये तीनदा गॅस भरून झाला होता. गळती सर्व्हिस व्हॉल्व्हच्या पिनमधून होती आणि वरचं टोपण कुणी परत बसवलंच नव्हतं. तिथे धूळ चिकटलेला तेलकट डाग स्पष्ट दिसत होता, कारण गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं.

बदलण्याचा विचार मी दोनच वेळा करेन: कॉइल ठिकठिकाणी सडली असेल तेव्हा, किंवा मोठी गळती असलेलं यंत्र आर-२२वर असेल तेव्हा. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस बंद होत चाललाय, त्यामुळे दर भरण्याला मिळवायची कटकट. नवं घेताना आर-४०४एवरचं घेऊ नका; त्याचा तापमानवाढीचा निर्देशांक (कार्बन डायऑक्साइड १ धरून) ३९२२ आहे. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, याचा निर्देशांक त्या मानाने नगण्य, पण तो ज्वलनशील. त्यामुळे एका सर्किटमध्ये किती ग्रॅम चालेल याला मर्यादा असते. छोट्या कॅबिनेटना तो छान, लांब पाइपांच्या मोठ्या रूमला अवघड.

काहीही ठरवा, बिलावर "गॅस चार्जिंग" एवढंच लिहून घेऊ नका. वजनकाट्यावर किती ग्रॅम गेला तो आकडा आणि तारीख यंत्रावरच चिकटवा. पुढच्या वेळी गळती केवढी आहे ते त्यावरूनच कळेल.